डॉक्टर डेल्फा आणि माथ्याची हाडं

डेल्फा नऊ वर्षांची होती तेव्हा तिच्या बापाला खेचरानं कपाळावर लाथ मारली. बाप वाचला, पण पुढं वर्षभर त्याचं डोकं असं ठणकायचं, की भर दुपारी तो गोठ्यातल्या अंधारात जाऊन बसायचा. घरात कोणी भांडं आपटलं तरी अंगावर धावून यायचा. शेवटी आईनं त्याला शेजारच्या गावातल्या ऑस्टिओपॅथ डॉक्टरकडे नेलं. त्या म्हाताऱ्यानं गोळी दिली नाही, सुई टोचली नाही. बापाला पाठीवर निजवलं, मान आणि डोकं दोन्ही हातांत धरलं आणि अर्धा तास गप्प बसून राहिला. अशा सहा खेपा झाल्या आणि दुखणं गेलं. हातांनी गेलं की वर्ष उलटलं म्हणून गेलं, हे विचारायचं त्या वेळी कोणाला सुचलं नाही. डेल्फानं मात्र त्याच हिवाळ्यात ठरवून टाकलं, की आपणही हेच करायचं.

तिनं ते केलं. एकोणीसशे चौतीस साली कॉलेजात गेली तेव्हा वर्गात चाळीस मुलगे होते आणि चार मुली. चौघींपैकी दोघी टिकल्या. अमेरिकेतल्या त्या मिसुरी राज्यात ऑस्टिओपॅथ म्हणजे पुरता डॉक्टर. बाळंतपणं करतो, टाके घालतो, औषध लिहून देतो, वर हाडांवर हात चालवतो. मार्लो क्रीक या आपल्या गावी परत येऊन डेल्फानं हे सगळं केलं. लीलंड स्ट्राउडशी लग्न केलं. तो धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला बसायचा. सावकाश बोलणारा, जाडजूड माणूस. मूल झालं नाही. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना होता. टेबलाशी लीलंडची बहीण नॅडीन बसायची. ती फोन घ्यायची, पेशंटची कार्डं लावायची आणि कोणाला खरं बरं नाही अन् कोणाला नुसती करमणूक हवी आहे, हे दारातूनच ओळखायची.

सत्तेचाळीस साली डेल्फा डोक्याच्या हाडांचं शिक्षण घ्यायला दोन आठवडे गेली आणि तिथून ती जणू दुसरीच होऊन आली.

शिकवण अशी होती. माणसाची कवटी म्हणजे एकसंध भांडं नव्हे. बावीस हाडं एकमेकांना दातेरी सांध्यांनी जोडलेली असतात आणि ते सांधे जन्मभर थोडे तरी हलते राहतात. डोकं संथपणे रुंदावतं आणि आखडतं. मिनिटाला दहा-बारा वेळा. श्वासाशी त्याचा संबंध नाही, नाडीशीही नाही. कवटीच्या तळाशी, डोळ्यांच्या मागं, पाचरीसारखं एक हाड मागच्या हाडाला भिडतं. त्या भेटीत सगळं आहे. तिथं पीळ पडला, एका बाजूला कल आला, किंवा एक हाड दुसऱ्यावरून केसभर सरकलं, की माणसाचं बिघडतं. डोकं दुखतं, झोप जाते, तान्हं मूल रडतं. डॉक्टरनं उशाशी बसायचं, कोपरं टेबलावर टेकायची, करंगळ्या मागच्या हाडाशी, तर्जन्या कानशिलांपाशी, आणि थांबायचं. ढकलायचं नाही. हाडं ज्या बाजूला जाऊ पाहतात तिकडंच त्यांना जाऊ द्यायचं. मग एक क्षण सगळं थबकतं आणि हालचाल नव्यानं, सरळ सुरू होते.

बोटं तयार करायला शिकवणाऱ्या बाई टेलिफोनच्या पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवायच्या. डोळे मिटून तो शोधायचा. सापडला की वर आणखी एक पान. बहुतेकांची मजल सात-आठ पानांवर संपली. डेल्फा एकवीसपर्यंत गेली.

तिथून पुढं सव्वीस वर्षं तिनं माणसांची डोकी धरली. प्रत्येकाच्या कार्डावर वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असायचं: उजवा पीळ, मिनिटाला दहा. डावा कल, मिनिटाला आठ. गावातली माणसं आपापला पीळ रक्तगटासारखा सांगायची. लोक लांबून यायचे. बाजूच्या परगण्यातून बायका तान्ही मुलं घेऊन यायच्या, आणि डेल्फाच्या हातांत ती निजायची.

रविवारी संध्याकाळी, जेवणाआधी, ती लीलंडचं डोकं धरायची. लग्नाच्या सातव्या वर्षी सुरू झालेला तो रिवाज होता. तो बूट काढून टेबलावर आडवा व्हायचा, पोटावर हात ठेवायचा. त्याचं कार्ड नव्हतं. ते तिला पाठ होतं. शेवटी ती विचारायची, "कसं वाटतंय?" आणि तो म्हणायचा, "छान." मग दोघं जेवायला बसायची.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये, एका गुरुवारी सकाळी, लीलंड वजनकाट्यावर एका ट्रकची चिठ्ठी लिहीत होता. लिहिता लिहिता त्यानं पेन्सिल खाली ठेवली, "डोकं," एवढंच म्हणाला आणि खुर्चीवरून घसरला. गाडी येईपर्यंत गेलेला होता. मेंदूत रक्तस्राव, असं कागदावर आलं. एकसष्ट वर्षांचा होता.

आदल्या रविवारी त्याचं डोकं अर्धा तास डेल्फाच्या हातांत होतं. तिच्या हातांना काहीच वेगळं लागलं नव्हतं.

दफन झालं. चर्चच्या बायकांनी रीतीप्रमाणे झाकून पदार्थ आणले. नूडल आणि कोंबडी, बटाटे आणि चीज, बीन्स. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. डेल्फानं आठवडाभरात सगळी भांडी घासून ज्याची त्याला परत केली. ती रडली नाही. रडू दाबलं असंही नाही. ती त्याची वाट बघत होती, पण ते आलंच नाही. कॉफी ओतून घ्यायची, ती निवून जायची, मग ती तशीच प्यायची. नॅडीन भावासाठी खोलीचं दार लावून रडायची आणि बाहेर येऊन डेल्फाकडे अशी बघायची, की हिचं काय करावं तिला कळत नसे.

दुसऱ्या सोमवारी डेल्फानं दवाखाना उघडला. पहिली पेशंट टपाल कचेरीतली बाई होती. डेल्फा उशाशी बसली, बोटं ठेवली आणि थांबली.

काहीच आलं नाही.

बोटं बधिर नव्हती. त्या बाईच्या कातडीची ऊब लागत होती, केसांतला तेलकटपणा लागत होता, कानामागचा जुना व्रण लागत होता. कानशिलाची नाडी ठकठक करत होती. फक्त ती हालचाल नव्हती, ते संथ रुंदावणं आणि आखडणं. टेबलावर ठेवलेलं कलिंगड धरावं तसं डोकं हातात होतं. डेल्फा वीस मिनिटं बसली. मग उठून कार्ड पाहिलं. वर लिहिलं होतं: डावा पीळ, मिनिटाला नऊ. तिनं खाली तारीख घालून तेच लिहिलं.

"हलकं वाटतंय हो डॉक्टरबाई," टपालवाली म्हणाली.

पुढचे सात महिने असेच गेले. सकाळी चार, दुपारी पाच. कार्ड बघायचं, बसायचं, तेच पुन्हा लिहायचं. कोणाला कळलं नाही, आणि तिला त्याचंही काही वाटलं नाही. लोक बरे होत होते. पूर्वी जेवढे व्हायचे तेवढेच. एखाद्या नव्या माणसाला कार्ड नसेल तर ती "उजवा पीळ" लिहायची, कारण बहुतेकांचा तोच असायचा.

ऑक्टोबरात कॉलेजातून पत्र आलं. डॉक्टर आमडाल नावाचा एक तरुण तिथं संशोधन करत होता. बाहेरचे डॉक्टर म्हणतात की कवटीची हाडं हलतात हे सगळं थोतांड आहे. त्यांची तोंडं एकदाची बंद करायची त्याची इच्छा होती. ज्यांचे हात राज्यात सगळ्यांत चांगले समजले जातात अशा पाच जणांना त्यानं बोलावलं होतं. डेल्फानं पत्र बाजूला ठेवलं. नॅडीननं ते वाचलं आणि म्हणाली, "जा. दोन दिवस दुसऱ्याच्या भिंती बघ." म्हणून ती गेली.

तपासणीची रीत सोपी होती. नर्सिंगच्या बारा मुली बारा टेबलांवर निजल्या. प्रत्येकीचं डोकं पाची जणांनी वेगवेगळ्या वेळी, एकेकट्यानं, पाच मिनिटं धरायचं. पायाशी एक बटण होतं. डोकं रुंदावतंय असं लागलं की ते दाबायचं, आणि पलीकडच्या खोलीत सुई कागदावर खूण करायची. नंतर एका तक्त्यावर पीळ, कल, सरक, काय असेल त्यावर बरोबरची खूण. एकमेकांशी बोलायचं नाही.

डेल्फा पहिल्या मुलीपाशी बसली. काही आलं नाही. आपल्याला काही जाणवत नाही, असं तिथल्या तिथं उठून सांगणं सोपं होतं. पण आमडालनं तिला दारात "तुमच्याबद्दल मी विद्यार्थी असल्यापासून ऐकतोय," असं म्हटलं होतं, आणि उठण्यापेक्षा बसून राहायला कमी बळ लागत होतं. चर्चमधलं एक संथ गाणं मनात म्हणत तिनं त्या तालावर पाय दाबला. बारा मुली, बारा वेळा तेच गाणं. तक्त्यावर हात जिथं पडेल तिथं खूण केली. पाच जणांत तिचा जुना वर्गबंधू एव्हरेट लूमिस होता. तो मात्र प्रत्येक टेबलावरून भारावल्यासारखा उठत होता. एका मुलीजवळून उठला तेव्हा त्याचे डोळे ओले झाले होते.

निकाल फेब्रुवारीत लागला. आमडालनं पाची जणांना एका खोलीत बसवलं. तो चार महिन्यांत बारीक झाल्यासारखा दिसत होता. त्यानं काचेच्या टेबलाखाली दिवा लावला आणि एकाच मुलीचे पाच कागद एकावर एक ठेवले. खुणा कुठंच जुळत नव्हत्या. लूमिसच्या मिनिटाला सात, डेल्फाच्या दहा, एकाच्या बारा, एकाच्या पाच, एकाच्या नऊ. एक जण दाबायचा तेव्हा दुसरा थांबलेला. पुढच्या मुलीचंही तेच. पिळाच्या तक्त्यांत तर एकाच डोक्यावर उजवा, डावा आणि सरळ, असं तिन्ही होतं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं, असं त्यानं अगदी हळू सांगितलं.

लूमिस म्हणाला की यंत्रात दोष असणार, आणि एका डोक्याला एका दिवसात पाच जणांनी हात लावले तर ते बिचकेलच. बाकी तिघांनी माना डोलावल्या. तेव्हा डेल्फा उठून उभी राहिली.

"माझे कागद काढून टाका. मला त्या दिवशी काहीच जाणवलं नव्हतं. मार्चपासून जाणवत नाही. मी नुसता पाय दाबत होते, मनात गाणं म्हणून."

आमडालनं डोळ्यांवरून हात फिरवला. कागदांच्या गठ्ठ्यातून तिचे कागद तो शोधू लागला. शोधता शोधता थांबला.

"बाई," तो म्हणाला, "तुमचे कागद बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसत नाहीत. नाव नसतं तर मला ओळखता आले नसते."

बाहेर गाड्यांपाशी लूमिसनं तिला गाठलं. तू दुःखात आहेस, हात परत येतील, पण हे जे आत बोललीस ते बाहेर बोलू नकोस, असं काय काय तो सांगत राहिला. डेल्फानं त्याला विचारलं, ज्या मुलीपाशी तुझे डोळे भरून आले तिच्यात तुला काय लागलं होतं? लख्ख उजवा पीळ, तो म्हणाला. इतका लख्ख की आतलं सगळं दिसावं. त्याच मुलीसाठी डेल्फानं भरलेल्या तक्त्यावर डावा पीळ होता, आणि तिसऱ्याच्या तक्त्यावर काहीच नव्हतं. ते त्यानंही नुकतंच पाहिलं होतं. "मला लागलं ते लागलं, डेल्फा," तो म्हणाला. "ते खोटं कसं म्हणू?" तो खोटं बोलत नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. सव्वीस वर्षं तीही खोटं बोलली नव्हती.

घर साठ मैलांवर होतं. मक्याच्या खुंटांवर बर्फ होतं, रस्ता मोकळा होता. वाटेत तिनं एका खाणावळीत थांबून फळांचं सारण भरलेला गोड पाय खाल्ला. घरी नॅडीननं कोणत्या फळाचा होता असं विचारलं तर आठवेना, सफरचंदाचा की पीचचा. मन हलकं झालंय का, भीती वाटतेय का, असं ती गाडी चालवता चालवता आत चाचपून बघत होती. दोन्ही नव्हतं.

पण एक विचार त्या दिवसापासून येऊ लागला. मोठा नव्हे. दात घासताना, बटाटे सोलताना यायचा. हातांना जर कधीच काही कळत नव्हतं, तर लीलंडचं कशानं कळलं असतं? उत्तर दवाखान्याच्या दुसऱ्या खणात होतं. ब्लडप्रेशरचं यंत्र. गरोदर बाया आल्या की ती ते काढायची, विम्याचे फॉर्म भरायचे असले की काढायची. तो खण आणि ज्या टेबलावर लीलंड निजायचा ते टेबल, मध्ये दीड हाताचं अंतर होतं.

एप्रिलच्या शेवटी व्हर्जिल टकर आला. हा डुकरं पाळणारा, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. एकोणसाठ सालापासून पेशंट. रोज सकाळी डोकं दुखतं म्हणाला, कधी कधी उलटी होते, मग बरं वाटतं. त्याच्या कार्डावर सोळा वर्षं उजवा पीळ होता. तो टेबलावर चढला, डोळे मिटले. डेल्फानं सवयीनं बोटं ठेवली आणि लगेच काढून घेतली.

"झालं?" व्हर्जिलनं डोळे उघडले.

"नाही. उठून बस. उलटी किती दिवसांपासून होतेय?"

"ते काय, होते आणि जाते. तुम्ही पीळ काढा म्हणजे झालं."

"व्हर्जिल, मला तुझ्या डोळ्यात बघायचंय."

डोळ्यात बघायची छोटी बॅटरी खणात मागं पडलेली होती. लागेना. आतले सेल गंजून गेले होते. डेल्फा बाहेर आली, नॅडीनच्या टेबलावरचा रेडिओ उचलला आणि मागचं झाकण काढलं. नॅडीन शेतमालाचे भाव ऐकत होती. मक्याचं काय झालं ते तरी ऐकू दे, असं ती म्हणेपर्यंत रेडिओ बंद पडलेला होता.

खोलीत अंधार करून डेल्फा व्हर्जिलच्या तोंडाशी तोंड नेऊन वाकली. हे तिनं विद्यार्थी असताना केलं होतं, नंतर फारसं नाही. सापडायला वेळ लागला. डोळ्याच्या तळाशी नस जिथं आत शिरते तिथं एक फिकट चकती असते, तिची कड रेखल्यासारखी असायला हवी. ती नव्हती. कड फुगून विरघळली होती. दुसऱ्या डोळ्यातही तसंच. डोक्याच्या आत काहीतरी जागा मागत होतं.

तिनं त्याला तसं सांगितलं. आजच्या आज कोलंबिया शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं.

"आज कसा जाऊ? तीन डुकरिणी व्यायला आल्यात."

"घरी बायको आहे ना, लीटा बघेल."

"लीटाला डुकरिणी जवळ येऊ देत नाहीत. सोमवारी जातो."

"सोमवारपर्यंत तू असशील की नाही, मला सांगता येत नाही," डेल्फा म्हणाली. ती हे ज्या आवाजात म्हणाली त्यात काहीच नव्हतं. धाक नाही, काळजी नाही. दुकानात वाण्यानं मीठ संपलंय म्हणावं तसं. त्यानंच बहुतेक तो घाबरला. टोपी हातात चुरगाळत विचारलं, "आणि पीळ?"

"पीळबीळ मला काही कळत नाही, व्हर्जिल. कधी कळत होता की नाही, तेही माहीत नाही."

त्यानं टोपी डोक्यावर घातली. मग थेट कोलंबियाला गेला.

मेंदूच्या आवरणावर लिंबाएवढी गाठ निघाली. वाईट जातीची नव्हती. काढून टाकली. जूनमध्ये तो घरी आला, अर्ध्या डोक्यावर केस नव्हते, डावा हात जरा लुळा राहिला होता. लीटा हॅम, म्हणजे खारवलेली डुकराची अख्खी मांडी, घेऊन आली आणि दवाखान्याच्या दारात डेल्फाचा हात धरून रडली. डॉक्टरबाईंनी व्हर्जिलचा जीव वाचवला हे गावभर झालं. डेल्फानं हॅम घेतली, थंडाव्यात ठेवली. तिला आनंद झाला नाही. त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी ती आणि नॅडीन मागच्या पायरीवर शेंगा निवडत बसल्या होत्या. नॅडीन हल्ली रात्रीचं तिथंच जेवून घरी जायची. माझे सेल अजून परत दिले नाहीस, असं ती म्हणाली. दोन महिने ती हे अधूनमधून म्हणत होती. डेल्फानं शेंग मोडली.

"नॅडीन, मी लीलंडचं ब्लडप्रेशर कधी घेतलं नाही."

नॅडीनचे हात थांबले.

"एकदाही नाही," डेल्फा म्हणाली. "चौतीस वर्षांत. पाच मिनिटांचं काम होतं. मी त्याचं डोकं धरून बसत होते."

नॅडीननं मांडीवरचं भांडं खाली ठेवलं. बोलली तेव्हा डेल्फाकडे न बघता, अंगणातल्या दोरीवरच्या कपड्यांकडे बघत.

"त्याचं डोकं दुखायचं. त्या जानेवारीपासून. मला माहीत होतं."

डेल्फानं पुढची शेंग उचलली.

"मला म्हणाला, डेल्फाला सांगू नकोस. सांगितलंस तर ती मला रोज टेबलावर घेईल आणि अर्धा तास हलू द्यायची नाही." नॅडीननं भांड्यातली एक शेंग उचलून परत टाकली. "मी हसले गं. म्हटलं, बरं झालं, बायकोचे हात सोन्याचे, आता भोग. हसले मी त्याला."

"रविवारी तो छान वाटतंय म्हणायचा."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणायचा. त्याला त्यातलं काही कळायचं नाही. नुसता पडून राहायचा. तुझ्यासाठी."

पायरीवरून ऊन सरकलं. पलीकडच्या घरात कोणी पाणी सोडलं, बंद केलं. डेल्फा हातातल्या शेंगेकडे बघत होती. वर्षाच्या वर तिला ज्याची वाट होती ते हे नव्हतं, पण काहीतरी होतं. राग होता. लीलंडचा राग. सव्वीस वर्षं दर रविवारी बूट काढून निजणारा, छान म्हणणारा, आणि डोकं दुखत असताना बहिणीला सांगणारा तो माणूस! राग फार नव्हता. जेमतेम ओळखू येण्याएवढा होता, आणि भांडं उचलून आत जाईपर्यंत निवलासुद्धा. नॅडीन मागोमाग आली. तिनं बटाटे चढवले. दोघी जेवल्या. डोळे नॅडीननं पुसले, डेल्फानं नाही. जेवण झाल्यावर डेल्फानं यंत्र आणलं, नॅडीनची बाही वर सारली आणि तिचं ब्लडप्रेशर घेतलं. वाढलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिला गोळी सुरू झाली.

त्यानंतर डेल्फानं डोकी धरणं थांबवलं. येईल त्याला ती स्वतः सांगायची, की हे मी आता करत नाही, ते हलतं असं मला सांगता येत नाही. काही जण ऐकून घेऊन खोकल्याचं औषध मागायचे. काही चिडले. सोळा-सोळा वर्षं ज्यांनी आपला पीळ जपला होता त्यांना तो असा काढून घेतलेला आवडला नाही. निम्मे पेशंट लूमिसकडे गेले, चाळीस मैल गाडी हाकत. एक तरुण आई रडतं बाळ घेऊन आली आणि हटून बसली, की माझी मोठी तुमच्याच हातांत निजायची. डेल्फानं बाळाचे कान तपासले, वजन घेतलं, दूध कसं पाजते ते विचारलं. मग म्हणाली, "दे, धरते. पण हे औषध नव्हे बरं का." बाळ निजलं. तिनं कार्डावर वजन लिहिलं, वरचा कोपरा रिकामा ठेवला.

बोटांखालची ती हालचाल परत आली नाही. आली असती तर काय केलं असतं, असं नॅडीननं एकदा विचारलं. डेल्फा म्हणाली, ब्लडप्रेशर घेतलं असतं.

शहात्तरपासून परगण्याच्या जत्रेत तिनं एक टेबल मांडायला सुरुवात केली. ऑगस्टातली जत्रा, डुकरांचा मांडव आणि गोड पाय करायच्या स्पर्धेचा मांडव यांच्यामधली जागा. पाटी नॅडीननं रंगवली: बाही वर करा, फुकट आहे. शेतकरी आधी लाजायचे. बायका त्यांना ढकलत आणायच्या. एका दिवसात शंभर-सव्वाशे जणांच्या दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजून व्हायचं. कोणाचं वाढलेलं निघालं की डेल्फा चिठ्ठीवर आकडा लिहायची आणि ती चिठ्ठी नवऱ्याच्या नव्हे, बायकोच्या हातात द्यायची. आठ वर्षं तिनं हे केलं. त्यांतली शेवटची दोन दवाखाना बंद केल्यावर.

शेवटच्या वर्षी, दुपारची गर्दी ओसरल्यावर, एव्हरेट लूमिस आला. तो आता काठी घेऊन चालायचा. नाताळच्या कार्डांपलीकडे दोघांचं नऊ वर्षांत बोलणं नव्हतं. त्यानं खुर्ची ओढली आणि बाही वर केली. डेल्फानं दोनदा मोजलं.

"एकशे नव्वद. एव्हरेट, गोळी घेतोस का?"

घेत नव्हता. तिनं त्याला बरंच सुनावलं. तो ऐकत राहिला. मग काठी टेबलाला टेकून ठेवत म्हणाला, "आता तुझं मला बघू दे."

तिनं नाही म्हटलं नाही. तो उठून तिच्या मागं उभा राहिला आणि दोन्ही हात तिच्या डोक्याला लावले. हात मोठे होते, गरम होते. मांडवात डुकरं ओरडत होती, भोंग्यावरून कोणाच्या तरी हरवलेल्या टोपीची घोषणा चालली होती. नॅडीन टेबलापलीकडे बसून हे बघत होती. डेल्फानं डोळे मिटले नाहीत. समोरून जाणारी माणसं बघत बसली.

"डावा पीळ," लूमिस पाच मिनिटांनी म्हणाला. "मिनिटाला आठ. थकलीयस तू."

"असेल," डेल्फा म्हणाली. तिनं त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठीची घडी घातली. ती द्यायला त्याची बायको हयात नव्हती, म्हणून त्याच्या सदऱ्याच्या खिशात स्वतःच ठेवली, आणि सोमवारी कोणाकडे जायचं त्या डॉक्टरचं नाव त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.